प्रकल्प नोंदी : लातूरच्या डाळ मिलमधील थंडरबर्ड प्रोफाइलची दुरुस्ती

२४ डिसेंबर २०२४, मंगळवार

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या कार्यालयातून दुपारी फोन आला. वीज गेल्यामुळे हिशेबाच्या टेबलावरचा संगणक एकदम बंद पडला होता, आणि वीज आल्यावर थंडरबर्ड हे मेलचे सॉफ्टवेअर उघडले तेव्हा जुना एकही मेल न दिसता थेट नवे खाते जोडण्याची चौकट समोर आली. मुनीमजींचा आवाज बसला होता. "सर, सगळे मेल गेले की ओ. नव्या तुरीचे सौदे तोंडावर आलेत, आता मागचं कुठून काढायचं?"

खाते पुन्हा भरू नये, थंडरबर्ड काढून नव्याने टाकू नये आणि ती चौकट बंद करून संगणक तसाच ठेवावा, एवढे फोनवर सांगितले. नव्याने टाकण्यात प्रत्यक्ष धोका फारसा नसतो, कारण सॉफ्टवेअर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असते आणि मेल, पत्ते, पासवर्ड हे सगळे वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मधील प्रोफाइल या वेगळ्या फोल्डरमध्ये असते, ज्याला काढणे-टाकणे याचा स्पर्शही होत नाही. परंतु त्याच कारणाने त्याचा उपयोगही शून्य असतो. बिघाड प्रोफाइलमध्ये असेल, तर नवे सॉफ्टवेअर तेच बिघडलेले प्रोफाइल उघडते. खाते पुन्हा भरणे मात्र खरोखर घातक ठरू शकते. जुने फोल्डर जागेवर असताना त्याच सर्व्हरच्या नावाचे दुसरे फोल्डर शेजारी तयार होते, सर्व्हरवर उरलेले मेल त्यात उतरू लागतात, आणि मग जुने कोणते व नवे कोणते हे वेगळे करण्याचे काम मूळ बिघाडापेक्षा मोठे होऊन बसते.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

सकाळी मिलमध्ये पोहोचल्यावर सर्वप्रथम प्रत घेतली. कार्यालयातील पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा होता आणि इनबॉक्सची एकच फाइल ६ जीबीच्या वर होती. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून एनटीएफएस पद्धतीची बाहेरची डिस्क वापरली. प्रत घेण्यापूर्वी टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डची कोणतीही प्रक्रिया चालू नाही याची खात्री केली, कारण चालू सॉफ्टवेअरची प्रत म्हणजे अर्ध्या लिहिलेल्या फाइलींची प्रत. यापुढचे सर्व काम दुसऱ्या प्रतीवर होईल आणि पहिली प्रत कोणीही उघडणार नाही, असे डिस्कवर चिठ्ठी लावून लिहिले.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २४ तारखेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद मिळाली. यंत्रणा व्यवस्थित बंद न होता पुन्हा सुरू झाली, एवढाच तिचा अर्थ. यूपीएस टेबलाखाली आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच उतरलेली असून तो सध्या केवळ वायर जोडण्याच्या पाटीचे काम करतो.

आता प्रोफाइलच्या आत. 'मेल' हे फोल्डर पूर्ण जागेवर आहे. इनबॉक्स, सेंट आणि स्थानिक फोल्डरांच्या फाइली भरघोस आकाराच्या आहेत, म्हणजे मेल गेलेले नाहीत. ते शोधण्याचा पत्ता गेला आहे. हा पत्ता 'प्रेफ्स डॉट जेएस' या फाइलमध्ये असतो: खाती किती, सर्व्हर कोणता, वापरकर्त्याचे नाव काय, आणि त्या खात्याचे मेल डिस्कवर कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. येथे ही फाइल अवघ्या काही केबीची असून तिच्यावर २४ तारखेची, वीज परत आल्यानंतरची वेळ आहे, आणि खात्यांची यादी सांगणारी ओळ तिच्यात मुळीच नाही. याचा अर्थ सुरू होताना थंडरबर्डला वाचण्याजोगे काही सापडले नाही आणि त्याने नवी कोरी फाइल लिहिली.

मूळ फाइल त्यामुळे तपासता येत नाही, तरी कारणाचा अंदाज बांधता येतो. एनटीएफएस आपल्या नोंदवहीत फाइलचे नाव, आकार, जागा हे सांभाळते, पण फाइलमधला मजकूर त्या नोंदवहीत नसतो. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली की नाव आणि आकार बरोबर, आत मात्र केवळ शून्ये, अशी फाइल मागे राहू शकते. इनबॉक्सचे शेवटचे टोक उघडून पाहिले असता नेमके हेच दिसले. शेवटच्या मेलची सुरुवात नीट आहे, कोणा आडत्याचे नाव, विषयात 'तूर नमुना', आणि मग मजकुराच्या मध्येच अक्षरे संपून 'एनयूएल' असे लिहिलेल्या काळ्या चौकोनांची रांग सुरू होते, ती थेट फाइलच्या अंतापर्यंत.

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार

प्रोफाइलमध्ये 'प्रेफ्स-१ डॉट जेएस' नावाची २०२३ मधील एक फाइल पडून असल्याचे आढळले. थंडरबर्ड मांडणी लिहिताना आधी अशा क्रमांकाच्या फाइलमध्ये लिहिते आणि मग तिला मूळ नाव देते. ते नाव देणे काही कारणाने राहून गेले, की अशी फाइल मागे उरते. कचरा म्हणून ती पुसली गेली नाही हे आपले नशीब. तिचे नाव बदलून ती सरळ वापरण्याचा मोह झाला तरी तसे केले नाही, कारण दीड वर्षात मिलचा मेल सर्व्हर बदललेला आहे आणि जुनी मांडणी नव्या फाइलींवर लादल्यास एक बिघाड जाऊन दुसरा येईल. नकाशा म्हणून मात्र ती अमूल्य ठरली. कोणते खाते कोणत्या फोल्डरमध्ये राहते, आणि 'आडते' नावाचे वेगळे ॲड्रेस बुक कोणत्या फाइलमध्ये आहे, हे तिच्यातूनच कळले.

ठरवलेला मार्ग असा. प्रोफाइल मॅनेजर उघडून नवे, कोरे प्रोफाइल तयार केले. ते उघडण्यापूर्वी नेटवर्कची वायर संगणकातून काढून ठेवली, कारण खाते तयार होताच मेल उतरण्यास सुरुवात होता कामा नये. खाती 'ॲडव्हान्स्ड कॉन्फिग'मधून हाताने भरली. तेथे सर्व्हरशी पडताळणी न करता खाते तयार होते. सुरू होताना मेल तपासणे आणि ठरावीक वेळाने तपासणे, हे दोन्ही पर्याय बंद केले. मग थंडरबर्ड बंद करून जुन्या प्रोफाइलमधील 'मेल' फोल्डरची प्रत नव्या प्रोफाइलमध्ये ठेवली आणि प्रत्येक खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमधील 'लोकल डिरेक्टरी' या जागी त्या त्या फोल्डरचा मार्ग दिला. स्थानिक फोल्डरांनाही हाच मार्ग वेगळा द्यावा लागतो, आणि घाईत तेच बहुतेकदा राहून जाते.

येथे 'पॉपस्टेट डॉट डॅट' या छोट्या फाइलबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण पॉप पद्धतीच्या, म्हणजे सर्व्हरवरचे मेल संगणकात उतरवून घेणाऱ्या, खात्यात सर्वांत जास्त गोंधळ तिच्यामुळे होतो. सर्व्हरवर प्रत ठेवली जात असेल, तर कोणता मेल आधीच उतरवला आहे याची यादी या फाइलमध्ये असते. ती हरवली की सर्व्हरवरचा प्रत्येक मेल थंडरबर्डला नवा वाटतो आणि सगळे दुबार उतरतात. ती प्रोफाइलच्या मुळाशी नसून त्या खात्याच्या मेल फोल्डरमध्ये असते, म्हणून पूर्ण फोल्डर आणले की तीही सोबत येते. केवळ इनबॉक्सची फाइल उचलून आणणाऱ्याच्या हातून मात्र ती सुटते. मेल आपोआप वर्गवारीत टाकणारे नियमही त्याच फोल्डरमध्ये असतात. त्या नियमांतील फोल्डरांचे पत्ते डिस्कवरच्या मार्गावर अवलंबून नसून वापरकर्त्याचे नाव आणि सर्व्हरचे नाव यांवरून बनलेले असतात, त्यामुळे खाते भरताना ही दोन्ही नावे अक्षरशः पूर्वीसारखीच भरली.

पासवर्ड 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की४ डॉट डीबी' या दोन फाइलींत मिळून असतात. पहिलीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत किल्ली. दोन्ही एकाच प्रतीतून, एकत्र आणल्या.

मुनीमजींनी सुचवले की काम पूर्ण होईपर्यंत प्रोफाइलची एक प्रत माल रवाना करणाऱ्या टेबलावरच्या संगणकात टाकून निदान पाहण्यापुरती सोय करावी. सूचना रास्त होती, पण त्या संगणकावर विंडोज ७ असून तेथे थंडरबर्ड ११५ च्या पुढे जात नाही, आणि बिघडलेले प्रोफाइल १२८ या आवृत्तीने वापरलेले आहे. नव्या आवृत्तीने हाताळलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू पाहिले की थंडरबर्ड नकार देते. हा नकार डावलण्याचा पर्याय आहे, तो वापरला नाही. निकडीचे तीन सौदे होते, त्यांचे मेल फाइलमधून शोधून कागदावर छापून दिले.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

नवे प्रोफाइल उघडले, फोल्डरांचे झाड पूर्ण दिसले. इनबॉक्समध्ये मात्र एका मेलवर टिचकी मारली की दुसऱ्याचाच मजकूर उघडत होता, आणि काही ओळी विषयाविना कोऱ्या दिसत होत्या. अशा वेळी 'मेल खराब झाले' असा निष्कर्ष काढण्याची घाई होते, आणि तो बहुधा चुकीचा असतो. इनबॉक्सची मुख्य फाइल म्हणजे एकाखाली एक लिहिलेले मेल, प्रत्येकाची सुरुवात 'फ्रॉम' शब्दाच्या ओळीने. तिच्याच नावाची, 'एमएसएफ' शेपटीची दुसरी फाइल ही तिची अनुक्रमणिका, जिच्यात कोणता मेल कितव्या बाइटपासून सुरू होतो हे लिहिलेले असते. पाने सरकली आणि अनुक्रमणिका जुनीच राहिली, की ग्रंथ शाबूत असूनही भलतेच पान उघडते.

अनुक्रमणिका नव्याने बांधण्यापूर्वी इनबॉक्सच्या टोकाची शून्ये काढणे आवश्यक होते, नाहीतर पुढचा मेल त्या अर्धवट मेलाच्या पोटात जाऊन बसला असता. ६ जीबीची फाइल साध्या संपादकात उघडणे शक्य नाही. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि शेवटच्या पूर्ण मेलाच्या अंतापर्यंतच फाइल छाटली. अर्धवट राहिलेल्या त्या मेलाची नोंद 'पॉपस्टेट'मध्ये झालेली नव्हती, म्हणून तो सर्व्हरवरून पुन्हा उतरेल असा अंदाज बांधला आणि संध्याकाळी वायर जोडताच तो खरा ठरला. 'तूर नमुना' पूर्ण मजकुरासह आला, दुबार काहीही आले नाही.

त्यानंतर थंडरबर्ड बंद ठेवून सगळ्या 'एमएसएफ' फाइली बाजूला हलवल्या. फोल्डर उघडताच त्या नव्याने बनतात. फोल्डरच्या गुणधर्मांतील 'रिपेअर फोल्डर' हे बटणही हेच करते. खुणा आणि तारे जात नाहीत, कारण पॉप खात्यांत ते प्रत्येक मेलाच्या शीर्षातच लिहिलेले असतात. रकान्यांची मांडणी आणि क्रम मात्र मूळ पदावर जातो. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर जुना मेल वरती दिसला की लगेच फोन येतो.

एक मेल तरीही सापडेना. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचा भावाला दुजोरा देणारा मेल मुनीमजींनी १८ तारखेला वाचल्याचे त्यांना पक्के आठवत होते. मुख्य फाइलमध्ये शोधल्यावर तो सापडला, आणि त्याच्या शीर्षातील 'एक्स-मोझिला-स्टेटस' या ओळीत ०००९ हा आकडा होता. यातला १ म्हणजे वाचलेला आणि ८ म्हणजे पुसलेला. दोन्ही मिळून ९. थंडरबर्डमध्ये मेल पुसला की तो फाइलमधून लगेच जात नाही, त्यावर केवळ पुसल्याची खूण होते, आणि 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच तो खरोखर नाहीसा होतो. ०००९ चे ०००१ केले, अनुक्रमणिका पुन्हा बांधली, मेल जागेवर आला. तो कोणाच्या हातून पुसला गेला हे विचारण्याचे कारण नव्हते. मात्र दुरुस्ती चालू असताना 'कॉम्पॅक्ट' कधीही करू नये, आणि ते आपोआप होण्याचा पर्यायही बंद ठेवावा, यामागचे कारण हे असे आहे.

३० डिसेंबर २०२४, सोमवार

वेळ अमावस्या, शेतात जाऊन साजरा करण्याचा येथील सण. लातूर आज शेतात आहे आणि मिलही बंद. दुरुस्त झालेल्या प्रोफाइलची पूर्ण प्रत डिस्कवर उतरत ठेवून मालकांच्या आग्रहाखातर त्यांच्या शेतावर गेलो. भज्जी आणि आंबील यांच्यापुढे बाकी कामाची नोंद नाही.

३१ डिसेंबर २०२४, मंगळवार

मालकांच्या लॅपटॉपवरही खाते रिकामे झाल्याची तक्रार सकाळी आली, तेव्हा सगळ्यांनी ती हिशेबाच्या संगणकाशी जोडली. लक्षण तेच असले तरी कारण वेगळे निघाले. त्यांच्या पुतण्याने ३२ बिटच्या जुन्या थंडरबर्डऐवजी ६४ बिटचे टाकले होते आणि ते साहजिकच वेगळ्या फोल्डरमध्ये बसले. आवृत्ती ६८ पासून थंडरबर्ड प्रत्येक ठिकाणच्या प्रतिष्ठापनेसाठी वेगळे प्रोफाइल धरते, म्हणून नव्या जागी बसलेल्या सॉफ्टवेअरने स्वतःसाठी कोरे प्रोफाइल उघडले, आणि जुने शेजारीच धडधाकट पडून होते. प्रोफाइलांच्या पानावर जाऊन जुने प्रोफाइल मूळ म्हणून नेमले. काम तेवढेच.

कार्यालयात यावर बरीच चर्चा झाली. विजेमुळे मेल जातात अशी एक समजूत आता पक्की होऊ पाहत आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, हे दाखवून दिल्यावर ती थोडी सैल झाली.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

ॲड्रेस बुकचे काम आज हातावेगळे केले. मूळ पत्ते 'एबुक डॉट एसक्यूलाइट' या फाइलमध्ये असतात आणि ती नव्या प्रोफाइलमध्ये ठेवताच दिसू लागली. 'आडते' हे वेगळे पुस्तक मात्र दिसेना, कारण मूळ पुस्तकाची फाइल थंडरबर्डला ठाऊक असते, पण वापरकर्त्याने बनवलेल्या पुस्तकाची नोंद 'प्रेफ्स'मध्ये असावी लागते, आणि तीच तर हरवली होती. नोंद हाताने लिहिण्याऐवजी थंडरबर्डमध्ये 'आडते' नावाचे रिकामे पुस्तक तयार केले, सॉफ्टवेअर बंद करून त्याने कोणत्या नावाची फाइल बनवली ते पाहिले, आणि तिच्या जागी जुनी फाइल त्याच नावाने ठेवली. ठेवण्यापूर्वी जुन्या फाइलवर एसक्यूलाइट या डेटाबेसची 'इंटिग्रिटी चेक', म्हणजे फाइल शाबूत आहे का हे पाहणारी तपासणी चालवली आणि उत्तर 'ओके' आले. लातूर, उदगीर, मुरूड येथील आडत्यांचे पत्ते मुनीमजींनी एकेक वाचून पाहिले. दोघांचे क्रमांक बदलल्याचे त्यांनी त्याच वेळी सांगितले, ते दुरुस्त केले.

शोधाची फाइल, म्हणजे 'ग्लोबल मेसेजेस' हा साठा, जुन्या प्रोफाइलमधून आणलाच नाही. तो मेलांवरूनच पुन्हा तयार होतो. सगळे मेल त्यात येईपर्यंत संगणक दिवसभर मंद चालला, याची कल्पना आधीच दिली होती.

८ जानेवारी २०२५, बुधवार

आता पुढची तरतूद. कार्यालयात रोज रात्री प्रोफाइलची आरसा-प्रत घेण्याची जुनी व्यवस्था होती, आणि ती २०२३ मध्ये कधीतरी बंद पडली. ती तशीच पुन्हा सुरू करावी या सूचनेला मी विरोध केला. आरसा-प्रत मूळ फाइलचे हुबेहूब अनुकरण करते, त्यामुळे कोरी पडलेली 'प्रेफ्स' त्या रात्री चांगल्या प्रतीवर जाऊन बसली असती आणि आपल्या हाती दोन कोऱ्या फाइली आल्या असत्या. प्रत हवी ती तारखेवार.

पूर्ण प्रोफाइलची तारखेवार प्रत रोज घेणे मात्र ६ जीबीच्या इनबॉक्समुळे परवडत नाही. एकही नवा मेल आला की संपूर्ण फाइल बदलली असे धरले जाते आणि ती पुन्हा पूर्ण उतरते. म्हणून आधी इनबॉक्स हलका केला. थंडरबर्डच्या 'अर्काइव्ह' सोयीने जुने मेल वर्षवार स्थानिक फोल्डरांत हलवले. २०२१ ची फाइल आता कधी बदलणार नाही, तिची प्रत एकदाच पुरे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि येथे त्यांपैकी बरेच कागद मेलाला जोडलेल्या फाइलींच्या रूपातच आहेत. तेव्हा वर्षवार फाइली लेखापालाच्याही सोयीच्या. हलवणे पूर्ण झाल्यावर, आणि प्रत तपासून झाल्यावर, इनबॉक्स 'कॉम्पॅक्ट' केला.

छोट्या पण कळीच्या फाइलींसाठी वेगळी योजना केली. 'प्रेफ्स', 'पॉपस्टेट', पासवर्डच्या दोन फाइली, ॲड्रेस बुके आणि मेलांचे नियम, या सगळ्यांचा मिळून आकार काही एमबींपलीकडे जात नाही. संगणक सुरू होताच, थंडरबर्ड उघडण्यापूर्वी, त्यांची प्रत त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये जाते. परवाच्या बिघाडात अशी एक दिवस जुनी प्रत हाताशी असती, तर ती फाइल जागेवर ठेवणे आणि इनबॉक्सचे टोक छाटणे एवढेच काम उरले असते.

पूर्ण प्रोफाइलच क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवावे, अशी मालकांची इच्छा होती. लेखी टिपणात नको म्हटले आहे. थंडरबर्ड फाइल उघडी ठेवून लिहीत असताना सिंक करणारे सॉफ्टवेअर तीच फाइल उचलू पाहते, आणि दोन संगणकांवरून एकच प्रोफाइल उघडले गेले तर कोणाचे लिखाण खरे, हे ठरवणारे कोणीच नसते. तारखेवार प्रती क्लाउडवर ठेवण्यास हरकत नाही.

अँटिव्हायरसकडेही पाहिले. इनबॉक्स ही एकच फाइल असल्यामुळे तिच्यातील एका घातक मेलासाठी संपूर्ण इनबॉक्सच विलग केला जाऊ शकतो. येणारा प्रत्येक मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून तपासू देण्याचा पर्याय थंडरबर्डमध्ये आहे, तो सुरू केला.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

संक्रांतीनंतर परत-स्थापनेची चाचणी घेतली. सुट्या संगणकावर तारखेवार प्रतीतून छोट्या फाइली आणि डिस्कवरून मेल फोल्डर आणून प्रोफाइल उभे केले, नेटवर्कची वायर काढूनच उघडले, आणि मुनीमजींना त्यांच्या मनाने कोणताही जुना सौदा शोधण्यास सांगितले. त्यांनी २०१९ मधील एक मेल, जोडलेल्या बिल्टीसह, उघडून दाखवला. 'आडते' पुस्तक आणि मेलांचे नियमही जागेवर होते.

यूपीएसची नवी बॅटरी बसली असून तिच्यावर फक्त संगणक आणि मॉनिटर ठेवले आहेत. प्रिंटर त्यावरून काढला. रवाना टेबलावरचा विंडोज ७ चा संगणक मार्चअखेर बदलण्याचे मालकांनी मान्य केले आहे. तोपर्यंत तेथील थंडरबर्ड ११५ चे प्रोफाइल इतर कोणत्याही संगणकावर उघडू नये, अशी सूचना मुनीमजींनी त्या मॉनिटरवर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवली आहे.